जिभा बघणाऱ्या नणंदबाई

आमच्या नणंदबाई उंदरांच्या जिभा बघतात. थट्टा नाही, त्यांना त्याचाच पगार मिळतो. सकाळी डबा घेऊन निघतात, प्रयोगशाळेतल्या एका अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसतात आणि उंदरानं जीभ बाहेर काढली का, काढली तर सरळ काढली की वाकडी, हे संध्याकाळपर्यंत बघत राहतात. घरी येतात त्या डोळे चोळत. आणि घरी आल्यावर आमच्या जिभा बघतात.

वयानं माझ्याहून लहान, चाळिशीला टेकलेल्या, पण ह्यांची बहीण म्हणून मी ताई म्हणायचं, अहो-जाहो करायचं. करते. मनातल्या मनात मी त्यांना काय म्हणते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांचं काम एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढे मला मध्येच थांबायला नको. उंदराच्या गालातून एक बारीक नळी आत नेलेली असते. तिच्यातून त्याच्या तोंडात गोड पाण्याचा थेंब सोडतात. उंदीर काचेच्या फरशीवर उभा, फरशीखाली आरसा, आरशासमोर कॅमेरा. गोड लागलं की उंदीर जीभ पुढे काढून ओठ चाटतो, पंजेसुद्धा चाटतो. कडू लागलं की तोंड वासतो, डोकं झटकतो, हनुवटी खाली घासतो आणि पुढचे पाय झाडतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊन जातं, म्हणून चित्रफीत अगदी हळू चालवून बघावी लागते.

बरं, त्या उंदराच्या डोक्यात आणखी एक नळी असते. तिच्यातून साहेब, म्हणजे तिथले मोठे शास्त्रज्ञ, नशेच्या औषधाचा थेंब थेट मेंदूत सोडतात. कुठल्या उंदराला काय दिलं आणि कुठे दिलं, हे नणंदबाईंना मुद्दाम सांगत नाहीत. सांगितलं तर नजर तिकडेच झुकेल ना! याला त्यांच्यात आंधळं निरीक्षण म्हणतात. "मला काहीच माहीत नसतं, वहिनी, म्हणून माझा निकाल निर्मळ," असं त्या मान ताठ करून सांगतात. काही माहीत नसल्याचा एवढा ताठा मी दुसऱ्या कोणात पाहिलेला नाही.

आता साहेबांचा सिद्धान्त ऐका, कारण पुढचा सगळा घोळ त्यानंच केला. साहेब म्हणतात, हवं असणं आणि आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण समजतो, आवडतं म्हणून हवं असतं. तर तसं नाही. हवं असण्याचा कारभार मोठा, पसरलेला, डोपामिन नावाच्या रसायनावर चालणारा. आवडण्याचा कोपरा मात्र टाचणीच्या डोक्याएवढा. ते डोपामिन काढून घेतलं तर उंदीर भरल्या ताटलीसमोर उपाशी पडून राहतो, दोन पावलं उठून जात नाही. पण त्याच उंदराच्या तोंडात गोड थेंब टाका, कसा मिटक्या मारत ओठ चाटतो! म्हणजे आवडतं, पण नको. नशेचं बरोबर उलटं. नशा पुन्हा पुन्हा दिली की हवंहवं वाढतच जातं, आवडणं आहे तिथेच राहतं, कधी आटतंसुद्धा. पिंजऱ्यात दाबलं की औषध मिळणारा एक दांडा असतो, तो उंदीर दाबत सुटतो, आणि तोंडावर सुखाचा पत्ता नाही. याला म्हणे व्यसन म्हणायचं.

मला काही हे पटलं नव्हतं. कसलं डोंबलाचं हवं आणि आवडतं! पण एका रविवारी नणंदबाईंनी आमच्या ह्यांना गच्चीवर सिगारेट ओढताना मोबाइलवर टिपलं आणि ती फीत हळू चालवून मला दाखवली. झुरका घेताना माझ्या नवऱ्याचं तोंड असं झालं होतं, जसं कोणी नाक दाबून एरंडेल पाजलंय. कपाळाला आठ्या, ओठ वासलेले, मान झटकलेली. "दादाला सिगारेट आवडत नाही," नणंदबाई म्हणाल्या. "नुसती हवी असते." ह्यांनी ती फीत पाहिली, मान खाली घातली, आणि गच्चीवर जाऊन आणखी एक ओढली.

झालं! तेव्हापासून घरात त्यांचा शब्द शेवटचा. जेवायला बसलं की समोरून नजर थेट ओठांवर. "वहिनी, दादानं तुमचं सूप संपवलं खरं, पण जीभ नाही आली हं." माझा नुसता तिळपापड व्हायचा. शेजारीण आली की पदराआड तोंड लपवून बिस्किट खायची. एक-दोन नातेवाइकांनी तर यायचंच सोडलं, आणि त्याबद्दल मात्र मी नणंदबाईंची आभारी आहे.

थट्टा राहू दे बाजूला. त्या एकट्या होत्या, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटायचं. रविवारी दुपारी आपल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून नखं कापायच्या. नखं कापून झाली की मग काय करावं ते त्यांना कळायचं नाही. तशाच बसून राहायच्या, नखं कागदाच्या पुडीत बांधून. तोंडानं कधी बोलल्या नाहीत, पण त्यांना कुणीतरी हवं होतं. हवं म्हणते मी, सरळ अर्थानं, साहेबांच्या नाही.

पडदा बघून बघून डोळे अधू झाले, म्हणून त्या चष्मा करायला गेल्या. बाजाराच्या कोपऱ्यावर अरुंद दुकान, आत काचेची कपाटं, आणि गल्ल्यामागे चष्मेवाले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अंगानं किरकोळ, पण बोटं अशी हलकी की नाकावर चष्मा ठेवलेला कळू नये. बोलताना तोंडापुढे हात धरायची सवय. त्यांनी विचारलं, "दिवसभर काय बघता हो एवढं?" नणंदबाई म्हणाल्या, "जिभा." दुसरा कोणी असता तर हसला असता, नाहीतर उठून उभा राहिला असता. चष्मेवाल्यांनी काच पुसत शांतपणे विचारलं, "कुणाच्या?"

त्या दिवशी नणंदबाई घरी आल्या आणि मी न विचारता मला हे सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं.

मग चष्मेवाले यायला लागले. संध्याकाळी सायकलची घंटी वाजायची आणि हे दारात. "चष्म्याचा स्क्रू सैल झाला असेल, म्हटलं बघून जावं." खिशातून इवलासा पेचकस काढायचा, स्क्रू पिळायचा, काच पुसायची, दोन शब्द बोलायचे, जायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा घंटी. आमचे हे म्हणाले, "एवढ्यांदा सैल होतो म्हणजे स्क्रू चष्म्याचा ढिला नाही, माणसाचा ढिला आहे." मी ह्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. नणंदबाई घंटी वाजायच्या आधीच केस सारखे करून बसलेल्या असायच्या, ते काय मला दिसत नव्हतं?

शेवटी मीच म्हटलं, "ताई, रविवारी चहाला बोलवा त्यांना." नणंदबाईंनी लिंबाचा केक केला. माझ्या स्वयंपाकघरात पीठ उधळलं, दोन भांडी करपवली, पण केक मात्र सुरेख झाला होता, खोटं कशाला बोलू. चष्मेवाले इस्त्रीचा शर्ट घालून आले. आणि त्या दिवशी तोंडापुढे हात नव्हता. हसले तर पांढरे शुभ्र दात दिसले. मी म्हटलं, चला, माणूस चांगला तयार होऊन आलाय.

त्यांनी केकचा मोठा घास घेतला. नणंदबाईंनी चष्मा पुढे ओढला.

आधी चष्मेवाल्यांनी तोंड वासलं. मग डोकं झटकलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग रुमालानं हनुवटी घासली. मग दोन्ही हात झाडले, बोटांना चिकटलेला चुरा खाली पाडायला. आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "फार छान झालाय."

मी नणंदबाईंकडे पाहिलं. चारही! उंदीर कडूला जे जे करतो ते चारही, आणि तेही ओळीनं!

ते गेल्यावर मी समजूत घालायला गेले. "अहो ताई, माणूस आहे तो. घाईघाईत घास लागला असेल." नणंदबाई अगदी थंडपणे म्हणाल्या, "तोंड खोटं बोलत नाही, वहिनी. शब्द बोलतात."

"मग येतात कशाला ते सारखे? एवढी किळस वाटते तर?"

इथेच मी घोटाळा केला. त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली, जशी ह्यांच्या सिगारेटच्या वेळी आली होती. "तेच तर!" त्या म्हणाल्या. "आवडत नाही, तरी येतात. पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे काय? मी त्यांना नुसती हवी आहे. वहिनी, हे व्यसन आहे."

अगं बाई! साधा सरळ माणूस सायकल मारत येतो, एक स्क्रू पिळून जातो, आणि त्याला नणंदबाईंनी नशेच्या उंदरात नेऊन बसवला! मी हसले, मग चिडले, मग दोन्ही एकदम केलं. पण ज्या बाईनं जिभांवर जन्म काढला, तिला कोण काय सांगणार? त्यात आमचे हेही त्यांच्याच बाजूनं, कारण स्वतः व्यसनी ठरल्यापासून ह्यांना सोबत हवी होती.

आणि मग नणंदबाईंनी उपचार सुरू केला. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदराची दांडा दाबायची सवय मोडायची असली की दांडा तसाच ठेवतात, फक्त दाबल्यावर काही द्यायचं नाही. औषध नाही, काही नाही. उंदीर आधी चवताळून जास्तच दाबतो, मग हळूहळू कमी करतो, मग सोडून देतो. "त्यांच्या भल्यासाठीच आहे," असं म्हणून त्यांनी आम्हाला बजावलं: चष्मेवाले आले की दार उघडायचं, 'ताई कामात आहेत' एवढंच सांगायचं. चहा नाही, पाणी नाही, हसायचं नाही. विशेषतः माझ्याकडे बघून म्हणाल्या, हसायचं नाही.

मी दार उघडायची आणि तोंडाला कुलूप लावून उभी राहायची. आत नणंदबाई भिंतीला पाठ लावून, चष्मा हातात घेऊन. चष्मेवाले म्हणायचे, "स्क्रू सैल..." मी म्हणायची, "ताई कामात आहेत." पुढच्या आठवड्यात ते सकाळीही यायला लागले आणि संध्याकाळीही. काच पुसायचं मऊ फडकं आणलं. मग चष्म्याची डबी आणली, आतून निळी मखमल लावलेली. नणंदबाई डबीला हातही न लावता म्हणाल्या, "बघा, चवताळले. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे." मग ते एक दिवसाआड आले. मग कधीतरीच. आणि मग घंटी वाजायची थांबली.

"सुटले," नणंदबाई म्हणाल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

पुढचे दिवस घरात कसे गेले ते मला विचारा. रस्त्यात कुठलीही सायकल वाजली की नणंदबाईंचा चमचा वाटीच्या वर थांबायचा. मान दाराकडे वळायची. पोस्टमनची सायकल, दूधवाल्याची सायकल, कुणाचीही चालायची. मी एकदा राहवेना म्हणून बोललेच, "ताई, जीभ नाही आली तुमची, पण मान आली हं." त्यांनी वाटी उचलली आणि खोलीत निघून गेल्या. बोलले आणि माझं मलाच वाईट वाटलं, पण मी तरी काय करू, मला घरात दुसऱ्याच्या मानेकडे बघत बसायची सवय त्यांनीच लावली.

शेवटी ह्यांचा चष्मा मोडल्याचं निमित्त काढून मी दुकानात गेले. मोडला नव्हता, मी मोडला. चष्मेवाले नेहमीसारखे अदबीनं बोलले, घरच्यांची चौकशी केली, ताईंचं नाव मात्र काढलं नाही. मी आडपडदा न ठेवता विचारलं, "त्या दिवशी केक खाताना तुम्हाला झालं काय होतं?"

त्यांचे कान लाल झाले. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "दात नवीन होते हो. आदल्याच दिवशी बसवलेली कवळी. ताईंसमोर बोळकं दाखवायचं नव्हतं, म्हणून डॉक्टरांच्या मागे लागून घाईनं करून घेतली. केक वरच्या कवळीला असा चिकटला, की ती खालीच यायला लागली. कशीबशी सावरली. वाटलं, ताईंना कळलं, आणि त्यांना किळस आली. म्हणूनच त्या बाहेर येत नाहीत, असंच मी समजलो."

मी घरी कशी आले मला ठाऊक नाही. दारातूनच ओरडले, "कवळी होती! कवळी! तुमची ती चारही लक्षणं कवळीची होती!" नणंदबाई उठून उभ्या राहिल्या. पहिला प्रश्न काय विचारावा? "हनुवटी घासली तीसुद्धा?" मी कपाळावर हात मारला. त्यांचा चेहरा बघवेना इतका पांढरा पडला होता. म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, "तुम्हाला न सांगितलेलंच आवडतं ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा लिंबाचा केक केला. डब्यात भरला. मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही चला." मी म्हटलं, मी कशाला मध्ये? तर म्हणे एकाच्या निरीक्षणावर भरवसा ठेवायचा नसतो, त्यांच्याकडे प्रत्येक फीत दोघं बघतात, आणि दोघांचं जुळलं तरच ते खरं धरतात. डब्याचं झाकण तीनदा लावलं आणि तीनदा काढलं त्यांनी. म्हणून गेले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाल्यांनी आम्हाला बसायला स्टुलं दिली. नणंदबाईंनी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं: उंदीर, तोंड वासणं, व्यसन, दार. काही म्हणजे काही लपवलं नाही. अशी माफी मागताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही, मध्ये दोनदा साहेबांचा सिद्धान्त समजावून सांगावा लागला. चष्मेवाले ऐकत होते. हसले नाहीत. मग नणंदबाईंनी डबा उघडून पुढे केला.

त्यांनी तुकडा घेतला. कवळी आता नीट बसली होती. चावला, गिळला, आणि जीभ बाहेर आली. सरळ, पुढे. खालचा ओठ चाटला, मग वरचा. मग बोटांना लागलेला चुरा एकेक बोट तोंडात घालून चाटला. मला फीत हळू चालवायची गरज नव्हती. नणंदबाईंनी माझा हात असा दाबला, की बांगडी रुतली.

"आणखी घ्या ना," त्या म्हणाल्या. एवढ्या मऊ आवाजात त्या बोलू शकतात, हे मला माहीत नव्हतं.

चष्मेवाल्यांनी फडक्यानं बोटं पुसली. "फार छान झालाय," ते म्हणाले. "त्या दिवशीही छानच असणार. पण आता नको."

"छोटासा तुकडा?"

"नको, ताई." मग खाली बघत म्हणाले, "तुमच्यावर राग नाही हो माझा. तुमच्या दारातून परत जायचो, तेव्हा रोज ठरवायचो, उद्या यायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सायकल आपोआप तिकडे वळायची. मग एक दिवस वळली नाही. मला वाटलं आता जिवाला लागेल. तर काहीच वाटलं नाही. घरी जाऊन झोपलो." त्यांनी हात पुढे केला. "चष्मा द्या."

नणंदबाईंनी चष्मा काढून दिला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान दिसतात. चष्मेवाल्यांनी पेचकस घेतला, स्क्रू काढून टाकला, खणातून नवा घेतला, त्यावर कसलासा गोंदाचा ठिपका सोडला आणि पिळून बसवला. काच पुसली. त्याच हलक्या बोटांनी त्यांच्या नाकावर ठेवला.

"पक्का बसवलाय," ते म्हणाले. "आता सैल होणार नाही."

येताना वाटेत नणंदबाईंनी विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?"

"आवडला त्यांना," मी म्हटलं.

"आणि?"

माझ्या जिभेला हाड नाही असं आख्खं घर म्हणतं, पण त्या वेळी ती जागची हलली नाही. आमचं दोघींचं निरीक्षण जुळलं होतं. मला नणंदबाईंचा राग आला होता, त्या साहेबाचा आला होता, त्या कवळीचा आला होता, आणि रस्त्यात रडू येतंय याचा सगळ्यात जास्त आला होता.

परवा सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर नणंदबाई टेबलाशी पाठमोऱ्या बसलेल्या. पुढ्यात चष्मा, हातात माझी भाजी चिरायची छोटी सुरी. सुरीचं टोक स्क्रूच्या खाचेत घालून, जीभ दातांत धरून, त्या तो उलटा पिळत होत्या. गोंद सुटत नव्हता. सुरीचं टोक वाकलं होतं आणि बोटाला थोडं कापलंही होतं.

"ताई, काय करताय?"

त्या दचकल्या. सुरी पटकन हाताखाली लपवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सैल वाटतोय जरा. दुकानात जाऊन यायला हवं."